थंडी पडली, रोपं झाकली का?



आम्ही निफाडच्या बाजूच्या एका गावातल्या बचत गटाच्या बायका. थंडीचं म्हणाल तर आमचा तालुका नेहमी बातमीत असतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर तापमान मोजतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात येतं, "निफाडचा पारा घसरला". पारा पाच अंशांच्या खाली जाणं आम्हाला काही नवं नाही. गव्हाला ही थंडी मानवते, फुटवे चांगले येतात. द्राक्षवाल्यांच्या मात्र पोटात गोळा येतो. मणी भरात असताना कडाक्याची थंडी पडली की मण्यांना तडे जातात. मग पहाटे बागेत शेकोट्या पेटतात, विहिरीचं कोमट पाणी सोडतात. आमच्यातल्या निम्म्या जणी त्याच बागांमध्ये कामाला जातात, त्यामुळे हे सगळं डोळ्यांनी बघितलेलं आहे.

पण मैत्रिणींनो, द्राक्षाची काळजी करायला पुष्कळ लोक आहेत. आपल्या घरामागच्या चार वांग्यांची, मिरचीच्या दोन झाडांची, कढीपत्त्याची आणि पपईची काळजी कोण करतं? आपणच. आणि ती कशी करायची हे आम्हाला फार उशिरा समजलं. समजेपर्यंत नुकसान झालं होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे आम्ही आमच्याच एका बाईवर अन्याय करून बसलो होतो. आज तेच सांगायचं आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. गटाने ठरवलं की उन्हाळी टोमॅटोची आणि मिरचीची रोपं करून विकायची. आमच्याकडे उन्हाळी लागवड जानेवारी-फेब्रुवारीत होते, म्हणजे रोपं डिसेंबरात टाकायला लागतात. गटाच्या बचतीतून नऊ हजार रुपये काढले. बी, कोकोपीट आणि सत्तर ट्रे आणले. एका ट्रेला ९८ कप्पे, म्हणजे हिशेब करा, साडेसहा हजारांच्या वर रोपं. पाणी जवळ पडतं म्हणून ओढ्याकाठच्या सखल जागेत ट्रे मांडले. दहा ट्रे तिथे मावले नाहीत, ते एकीच्या घरी ओट्यावर ठेवले. राखणीच्या पाळ्या लावल्या.

नाताळाच्या सुमारास एका रात्री आभाळ अगदी निरभ्र होतं. वाऱ्याचा पत्ता नाही. झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं. त्या रात्री आमच्या गटातल्या एका काकूंची पाळी होती. काकू एकट्या राहतात, वय पन्नाशीच्या पुढे. त्यांनी संध्याकाळी पाणी दिलं, ठरल्याप्रमाणे ट्रेवर प्लास्टिकचा कागद पसरला, कडेला दगड ठेवले आणि घरी गेल्या. पहाटे जाऊन बघितलं तर ओढ्याकाठच्या गवतावर पांढरा थर. कागद उचलला तर रोपं उकडल्यासारखी. पानं आधी ओलसर हिरवी-काळी दिसली, ऊन वर आलं तशी मान टाकून आडवी झाली. दुपारपर्यंत साठातले पन्नास ट्रे गेले.

बैठक बसली. नऊ हजार रुपये म्हणजे आम्हाला थोडे नव्हेत. एक म्हणाली, काकूंनी कागद उशिरा टाकला असेल. दुसरी म्हणाली, पाणी जास्त झालं. तिसरी म्हणाली, रात्री एकदा उठून बघायला काय झालं होतं? शेवटी काकूंच्या खात्यावर पाचशे रुपये दंड लावला आणि बैठकीच्या वहीत तसं लिहिलं. काकू एक शब्द बोलल्या नाहीत. अंगठा उठवला आणि गेल्या. पुढच्या दोन बैठकांना आल्याच नाहीत. आम्हाला वाटलं, राग आला असेल, येतील.

महिनाभराने कृषी विभागाच्या एक ताई परसबागेच्या प्रशिक्षणाला आल्या. आम्ही त्यांना हे सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "ओट्यावरचे दहा ट्रे कसे राहिले?" आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. तेच बी, तेच पाणी, तीच रात्र. ओट्यावरच्या रोपांना काहीच झालं नव्हतं. ओटा घराच्या दगडी भिंतीला लागून, आणि वर दोन बांबूंवर जुनं लुगडं टाकलेलं. हा फरक आमच्या समोर होता, आणि आम्ही तो बघितला नव्हता. आम्ही माणूस शोधत बसलो होतो.

ताईंनी जे समजावलं ते आता आमच्या भाषेत सांगतो.

दिवसभर ऊन खाऊन जमीन तापते. रात्री ती ऊब आभाळाकडे परत जाते. आभाळात ढग असले तर ते गोधडीसारखे वर राहतात, ऊब फार जात नाही. आभाळ निरभ्र असलं की ऊब निघून जाते. वारा असेल तर वरची थोडी उबदार हवा खाली मिसळते. वारा पडला की तेही होत नाही. म्हणून चांदण्या लखलखत असतील आणि वारा पडला असेल, तर ती रात्र रोपांना वैरीण समजायची. सगळ्यात जास्त गारठा मध्यरात्री नसतो, तो पहाटे सूर्य उगवायच्या सुमाराला असतो.

दुसरी गोष्ट, गार हवा जड असते. पाण्यासारखी ती उताराने खाली येते आणि सखल जागी साचते. ओढा, नाला, बांधाखालची खोलगट जागा, ही गार हवेची डबकी. आम्ही पाण्याची सोय बघितली आणि ट्रे नेमके त्या डबक्यात मांडले.

तिसरी गोष्ट, उघड्यावरचं पान हवेपेक्षाही जास्त गार होतं, कारण तेसुद्धा आपली ऊब आभाळाला देत असतं. म्हणून हवेचा पारा शून्याच्या वर असला तरी पानावरचं दव गोठू शकतं.

आणि चौथी गोष्ट, तो प्लास्टिकचा कागद. पातळ प्लास्टिकमधून ऊब सहज बाहेर जाते, आणि कागद स्वतः गार पडतो. तो पानाला चिकटून असेल तर पानही गार पडतं. त्यापेक्षा कापड बरं. पण कापडही पानावर टेकता कामा नये. काकूंनी कागद कधी टाकला याने काहीच फरक पडणार नव्हता. कागद टाकायचा हे आम्ही सगळ्यांनी ठरवलं होतं. जागाही आम्हीच निवडली होती.

ताईंवर विश्वास होता, तरी आम्ही स्वतः करून बघितलं. दोन तापमापक आणले. एक ओढ्याकाठी काठीला बांधला, एक ओट्यावर लुगड्याखाली ठेवला. पुढच्या थंड पहाटे दोघी जणी बॅटरी घेऊन गेल्या. ओढ्याकाठी पाच अंश, ओट्यावर नऊ. हाकेच्या अंतरावर चार अंशांचा फरक!

त्याच सकाळी आम्ही सगळ्या काकूंच्या घरी गेलो. पाचशे रुपये परत दिले, चुकलो म्हणून सांगितलं. काकूंनी पैसे घेतले नाहीत. म्हणाल्या, "पैशाचं नाही गं. वहीत माझं नाव लिहिलंत ना, चुकली म्हणून. ती वही ग्रामसंघात जाते." खरं होतं ते. मग पुढच्या बैठकीत आम्ही वहीत दुसरा ठराव लिहिला, की रोपं जागा चुकल्यामुळे आणि झाकण चुकल्यामुळे गेली, तो निर्णय पूर्ण गटाचा होता, आणि दंड रद्द केला आहे. तो मोठ्याने वाचून दाखवला. ग्रामसंघाच्या बैठकीतही वाचला. तेव्हा काकूंनी पैसे घेतले. आज आमच्या रोपवाटिकेचं सगळं त्याच बघतात.

आता मैत्रिणींनो, आपापल्या परसबागेकडे वळू. थंडीच्या बाबतीत झाडांचे तीन गट करा.

पहिला गट थंडी आवडणाऱ्यांचा. मेथी, पालक, कोथिंबीर, वाटाणा, मुळा, गाजर, बीट, कोबी, फ्लॉवर, लसूण. यांना आपली थंडी मानवते. थंडी हळूहळू वाढत गेली की ही झाडं आपल्या पेशींमध्ये साखर साठवतात. साखरेचं पाणी साध्या पाण्यासारखं लवकर गोठत नाही, म्हणून झाडाचा जीव वाचतो आणि आपल्याला गोड गाजर खायला मिळतं. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीची भाजी करतो, तिच्यात गाजर, वाल, पावटा, वांगं, ओला हरभरा, बोरं आणि तीळ असतात. बघा, आपल्या जुन्या बायकांनी त्या दिवसांत परसात आणि शेतात जे तयार असतं, तेच एका कढईत घातलं आहे.

दुसरा गट थंडीत गप्प बसणाऱ्यांचा. कढीपत्ता पिवळा पडतो, पानं गाळतो. शेवगा पानं टाकतो. गवती चहाचे शेंडे करपतात. अळूची पानं जातात, पण खाली कांदा जिवंत असतो. ही झाडं मेली म्हणून उपटू नका. पाणी कमी करा, खत देऊ नका, फेब्रुवारीच्या अखेरीला पुन्हा फुटतात. हळदीची आणि आल्याची पानं या दिवसांत वाळतात ती तर थंडीने नव्हे, गड्डा पक्व होतोय म्हणून. त्याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

तिसरा गट थंडीने खरोखर मार खाणाऱ्यांचा. टोमॅटो, मिरची, वांगं, काकडी, दोडका, भोपळा, पपई, केळी आणि आपली तुळस. ही मुळात उष्ण मुलखातली झाडं. यांना इजा व्हायला बर्फ लागत नाही. दहा अंशांच्या खाली रात्री जाऊ लागल्या की यांची वाढ थांबते. टोमॅटोला फुलं येतात, पण रात्री फार गार असल्या की पराग नीट काम करत नाही आणि फूल गळतं. आपण म्हणतो कीड लागली आणि औषध मारतो. औषधाचे पैसे फुकट, आणि घरच्या भाजीवर विष पडतं ते वेगळंच.

थंडीची अजून दोन लक्षणं लक्षात ठेवा. टोमॅटोच्या पानाची खालची बाजू जांभळट झाली, तर ते गार मातीमुळे असू शकतं. माती गार असली की मुळांना स्फुरद उचलता येत नाही. ऊन तापू लागलं की बरंचसं आपोआप सुधारतं. आणि सकाळी माती ओली असूनही पानं मलूल दिसत असतील, तर ते तहानेने नव्हे. गारठलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत. अशा वेळी आपण आणखी पाणी घालतो आणि मुळं कुजवतो. थोडं थांबा. दहा वाजेपर्यंत ऊन लागू द्या, मग बघा.

आता तुम्ही म्हणाल, थंडी तर आजीच्या काळीही होती. हो, होती, आणि कडक होती. पण आमच्या गावच्या आज्या सांगतात, तेव्हा थंडी दिवाळीपासून पायरी-पायरीने यायची. आता डिसेंबरात कधी आभाळ येतं, पंखा लावावा असं होतं, आणि चार दिवसांत एकदम हुडहुडी. उत्तरेत पश्चिमी झंझावात येतो, हिमालयात बर्फ पडतो, मग तिकडचा कोरडा गार वारा आपल्यापर्यंत पोहोचतो. झाडाला हळूहळू गार होत जाणारी हवा मिळाली की ते तयारी करतं, पानं जाड करतं, साखर साठवतं. उबदार हवेत लुसलुशीत वाढलेल्या झाडावर एकदम थंडी पडली की त्याला तयारीला वेळच मिळत नाही. त्यात अवकाळी. २६ नोव्हेंबर २०२३ ची गारपीट आमच्या भागात अजून कोणी विसरलेलं नाही. ढगाळ हवा राहिली की वालावर मावा, कांद्यावर करपा, आणि पुढे वाटाण्यावर भुरी. म्हणजे नुसती थंडी नाही, हवेचं हे वर-खाली होणं झाडाला जास्त जड जातं.

मग करायचं काय? आम्ही करतो ते सांगतो. यातल्या बऱ्याच गोष्टींना पैसे लागत नाहीत.

रोपांची जागा उंचवट्यावर, भिंतीजवळ घ्या. दगडा-मातीची भिंत दिवसा ऊन खाते आणि रात्री ऊब सोडते. दुपारचं ऊन लागणारी भिंत सगळ्यात चांगली. कुंड्या, डबे, गोणीतली झाडं या दिवसांत तिथे सरकवा.

झाकण घालायचं ते जुन्या लुगड्याचं, साडीचं किंवा गोणपाटाचं. काठ्या रोवून मांडव करा, कापड पानांच्या वर वीतभर राहू द्या आणि कडा जमिनीपर्यंत सोडा, म्हणजे जमिनीची ऊब आत राहते. सूर्य मावळायच्या आधी झाका आणि सकाळी ऊन आलं की काढा. दिवसभर झाकून ठेवलं तर रोपं लांबुडकी आणि पिवळी होतात.

थंडी येणार असं कळलं की आदल्या दुपारी बेताचं पाणी द्या. ओली माती कोरड्या मातीपेक्षा जास्त ऊब धरते. पण पाणी मुळाशी द्या, संध्याकाळी पानं भिजवू नका. आणि चिखल करू नका.

पालापाचोळ्याचं आच्छादन चांगलं, पण त्याचं काम नीट समजून घ्या. ते मुळांची ऊब राखतं. पानांना त्याचा उपयोग नाही, उलट जमिनीची ऊब वर यायची थोडी अडते. म्हणून मोठ्या झाडांना, आल्याला, लसणाला आच्छादन द्या. कोवळ्या रोपांना मात्र वरून मांडव हवाच.

डिसेंबर-जानेवारीत तिसऱ्या गटातल्या झाडांना युरिया टाकू नका. त्याने कोवळी फूट येते आणि पहिल्याच गारठ्यात तीच करपते. रोपं शेतात लावायच्या आधी आठवडाभर पाणी थोडं कमी करून, उन्हावाऱ्यात ठेवून काटक करा. माहेरच्या लाडात वाढलेली पोर सासरी एकदम शेणापाण्याला लावू नये म्हणतात, तसंच.

आणि झाड करपलंच, तर लगेच कात्री चालवू नका. करपलेली पानं खालच्या जिवंत फांदीला थोडा आडोसा देतात. शिवाय कापलं की नवी फूट येते आणि पुढच्या थंडीत ती सापडते. थंडी सरेपर्यंत थांबा. मग नखाने साल खरवडून बघा. आत हिरवं असेल तर झाड जिवंत आहे, वाळलं असेल तेवढंच कापा. तुळशीच्या मंजिऱ्या आताच काढून, वाळवून डबीत ठेवा. वृंदावनातली तुळस थंडीने गेली तरी बी हाताशी राहतं.

शेवटचं सांगणं. हवामान विभाग मैदानी भागात थंडीची लाट कधी म्हणतो? किमान तापमान दहा अंश किंवा त्याखाली गेलं आणि ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा त्याहून जास्त घसरलं की. रेडिओवर, टीव्हीवर "थंडीची लाट" हे शब्द ऐकले की लुगडी बाहेर काढा. एखादीच्या फोनवर मेघदूत ॲप घेतलं तर तिथे मराठीत अंदाज मिळतो, तो तिने गटाच्या ग्रुपवर टाकावा. आणि गटात मिळून एक तापमापक घ्या. पहाटे उठणाऱ्या एखादीने आकडा वहीत लिहावा. आमच्याकडे काकू लिहितात. आता सही शिकल्यात, आकडे तर त्यांना आधीच येत होते. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या वहीवरूनच आम्ही ओढ्याकाठी लसूण आणि वाटाणा लावला, आणि मिरचीची रोपं ओट्यावर नेली. साठातले अठ्ठावन्न ट्रे विकले. दोन ट्रे बकरीने खाल्ले, त्याला थंडी काय करणार!

मैत्रिणींनो, परसातली भाजी म्हणजे आपल्या पोरांच्या ताटातला हिरवा घास. बाजारात वांगी महाग झाली की आपण पहिली आपल्या स्वतःच्या ताटातली भाजी कमी करतो, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून आज संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, एकदा मागच्या दारी जा. आभाळ बघा, वारा बघा. आणि काही करपलं, काही बिघडलं, तर घरातल्या सुनेला किंवा गटातल्या बाईला बोल लावण्याआधी जागा बघा, झाकण बघा, पारा बघा. झाड पुन्हा लावता येतं. वहीत लिहिलेलं नाव पुसायला आम्हाला फार जड गेलं.

तुमच्या परसबागेत थंडीने काय केलं ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या वेळी भेटू, तोवर काळजी घ्या. नमस्कार.